गाण्याच्या रॉयल्टीची जात

एफएम रेडिओवर गाणं वाजतं तेव्हा पैसे कुणाला मिळायला हवेत? गेली वीसेक वर्षं या प्रश्नावर देशातली न्यायालयं निकाल देत आहेत. २८ एप्रिल २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. मनीष पितळे यांनी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी (आयपीआरएस) या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेच्या बाजूने आदेश दिला. रेडिओ कंपन्यांचं म्हणणं होतं की ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, म्हणजे म्युझिक कंपनीला, आम्ही पैसे देतो. त्यात गीतकार आणि संगीतकार आलेच. न्यायालयाने ते मानलं नाही. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा आहे आणि त्याचे पैसेही वेगळे द्यावे लागतील, असं सांगितलं.

या आदेशाचं स्वागतच करायला हवं. पण वृत्तपत्रांत ही बातमी 'कलाकारांचा विजय' म्हणून वाचताना एक प्रश्न सतत मनात येतो. कोणते कलाकार? ज्यांच्या गाण्यांवर आपल्या वस्त्या जगल्या, ते या विजयात कुठे आहेत?

आधी वाद समजून घेऊ. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली निकाल दिला की निर्मात्याने पैसे देऊन गाणं करून घेतलं असेल, तर त्याचा पहिला मालक निर्माताच. गीतकार-संगीतकाराच्या हाती त्यानंतर फारसं काही उरलं नाही. २००१ पासून खासगी एफएम केंद्रं आली आणि म्युझिक कंपन्या विरुद्ध रेडिओ कंपन्या असा नवा झगडा सुरू झाला. २०१० साली कॉपीराइट बोर्डाने ठरवलं की रेडिओने ध्वनिमुद्रणांसाठी जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाच्या २ टक्के रक्कम द्यावी. कंपन्यांना हा दर फारच कमी वाटला. २०१२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिच्यासाठी जोर लावला होता. या दुरुस्तीने सांगितलं की गीतकार-संगीतकाराने गाणं विकलं तरी रॉयल्टीतला त्याचा समान वाटा त्याला विकता येणार नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येईल. गायकांनाही व्यावसायिक वापरातून रॉयल्टीचा हक्क तेव्हाच मिळाला. पुढे इंटरनेट कंपन्या म्हणू लागल्या की रेडिओला मिळणारा वैधानिक परवाना आम्हालाही हवा. टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आणि खंडपीठाने २०२२ मध्ये ती मागणी फेटाळली. म्हणजे ऑनलाइन गाणी वाजवायची तर मालकाशी बोलणी करूनच दर ठरवावा लागतो.

या सगळ्या लढाईत दोन्हीकडे जी नावं आहेत ती आधीच कागदावर आहेत. करार आहे, सही आहे, सोसायटीचं सभासदत्व आहे. न्यायालय ठरवतं ते एवढंच की कागदावरच्या या लोकांत वाटणी कशी करायची. कागदावर कोण येतं आणि कोण येत नाही, हा प्रश्न तिथे पोहोचतच नाही. जात काम करते ती नेमकी त्या आधीच्या जागी.

मी संशोधनासाठी भिलाईत राहते, म्हणून इथलंच उदाहरण घेते. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. नागपूर, भंडारा, गोंदियाकडची कितीतरी माणसं इथे कामाला आली, त्यांत आपली बौद्ध कुटुंबंही होती. त्यामुळे या शहरात १४ एप्रिलला भीमगीतं वाजतात आणि १८ डिसेंबरला, गुरू घासीदास जयंतीला, सतनामी समाजाचं पंथी वाजतं. भिलाईजवळच्याच गनियारी गावच्या पारधी समाजातल्या तीजनबाईंनी पंडवानी जगभर नेली. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पंथी देशाबाहेर नेणारे देवदास बंजारे याच परिसरातले. हबीब तन्वीर यांचं 'चरणदास चोर' हे गाजलेलं नाटक आकाराला येताना भिलाईत सतनामी प्रेक्षकांपुढे खेळलं गेलं आणि त्यात पंथी होतं. त्या नाटकाची गाणी लिहिणाऱ्यांत गंगाराम साखेत आणि स्वर्णकुमार साहू होते.

ही नावं मुद्दाम लिहिली आहेत. छत्तीसगढच्या बाहेर गेल्यावर या सगळ्याला एकच नाव मिळतं: 'लोकसंगीत'. २००९ साली 'दिल्ली ६' या चित्रपटातून 'ससुराल गेंदा फूल' घराघरांत पोहोचलं. चित्रपटाचे संगीतकार ए. आर. रहमान आणि गीतकार प्रसून जोशी. मूळ गाणं छत्तीसगढी. इथे त्या गाण्याच्या शब्दांसाठी गंगाराम शिवारे यांचं आणि चालीसाठी भुलवाराम यादव यांचं नाव घेतलं जातं, १९७० च्या दशकात ते गाणाऱ्या जोशी भगिनींची आठवण सांगितली जाते. आज ते गाणं रेडिओवर लागतं तेव्हा निवेदक यातलं कुठलं नाव घेतो, ते एकदा कान देऊन ऐका.

असंच २०२० साली बंगालमध्ये घडलं. बादशाहच्या 'गेंदा फूल' या गाण्यात बीरभूमच्या रतन कहार यांचे शब्द होते आणि सुरुवातीला श्रेय बंगाली लोकगीताला दिलं गेलं होतं. लोकांनी आवाज उठवल्यावर बादशाहने कहार यांना पाच लाख रुपये दिले. माणूस हयात होता, त्याचं गाणं लोकांना माहीत होतं, तरी त्याच्या नावाच्या जागी 'लोक' हा शब्द बसला. आणि जे मिळालं ती एकरकमी मदत होती. दर वेळी गाणं वाजेल तेव्हा येणारा वाटा वेगळा असतो.

'पारंपरिक' हा शब्द वरवर आदराचा वाटतो. रॉयल्टीच्या हिशेबात त्याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. गाण्याच्या नोंदीत गीतकाराच्या रकान्यात 'पारंपरिक' लिहिलं की त्या रकान्याचा वाटा मागणारं कुणी उरत नाही. ध्वनिमुद्रणाचा मालक मात्र राहतो, आणि त्यावर नवा साज चढवणारा स्वतःचं नाव लावू शकतो. काही गाणी खरोखरच पिढ्यान्‌पिढ्या अनेकांनी मिळून घडवलेली असतात, हे खरं. पण कित्येक गाण्यांचा कर्ता माहीत असतो, गावाला माहीत असतो, त्याच्या घराचा पत्ता माहीत असतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने विचारलेलं नसतं, एवढंच. घराण्याच्या गायकाला गुरूचं नाव विचारलं जातं. गंडवा बाजा वाजवणाऱ्या गांडा समाजाच्या वादकाला, देवार समाजातल्या गायिकेला, आपल्याकडच्या हलगीवाल्याला कुणी विचारत नाही. त्यांची कला ही त्यांच्या जातीची आपोआप येणारी गोष्ट मानली जाते. तिच्यामागे एका माणसाची बुद्धी आणि मेहनत आहे, हे मान्यच केलं जात नाही. आणि कायदा तर एका माणसाची बुद्धी शोधतो.

भीमगीतांच्या बाबतीत तर 'कर्ता माहीत नाही' ही सबबही चालत नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक यांना अक्षरओळख झाली ती तरुणपणी, आणि पुढे त्यांनी हजारो गाणी लिहिली. त्यांच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव येतं. संतांच्या अभंगात चोख्याचं, तुक्याचं नाव येतं तीच ही रीत. नाममुद्रा हा आपल्या लोकांचा जुना कॉपीराइट आहे. छापखाना नव्हता, वकील नव्हता, तेव्हा गाण्याच्या आतच नाव विणून ठेवलं होतं, म्हणजे गाणारा कुणीही असो, कर्त्याचं नाव घेतल्याशिवाय गाणं पूर्ण होत नव्हतं.

आता मोबाइलवर पहिलं कडवं आणि धृपदाचा तीस सेकंदांचा तुकडा फिरतो. डीजेच्या रिमिक्समध्ये शेवटचं कडवं येतच नाही. नाव आतून गेलं, आणि बाहेर नोंदीत तर बऱ्याचदा ते नव्हतंच. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ लेखकाला स्वतःचं कर्तेपण सांगण्याचा हक्क देतं. गाणं विकलं असलं तरी तो हक्क राहतो आणि लेखकानंतर त्याचे वारसही तो बजावू शकतात. आपल्यातल्या किती कुटुंबांना हे माहीत आहे?

कलाकारांशी बोलताना पैशाबद्दल विचारलं की एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो: बिदागी. एका रात्रीची, एका कॅसेटची, एका अल्बमची. ठरलेली रक्कम हातात, कधी त्याहून कमी, आणि कागद नाही. बिदागी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. म्हणूनच ती घेताना वाकावं लागतं. रॉयल्टी हिशेबाने येते. ती कुणी उपकार म्हणून देत नाही आणि घेणाऱ्याला आभार मानावे लागत नाहीत. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं, तेव्हा वाद याच गोष्टीचा होता. महाराने सरकारचं काम करायचं आणि मोबदल्यासाठी गावाच्या बलुत्यावर, गावाच्या मर्जीवर अवलंबून राहायचं, ही व्यवस्था त्यांना मोडायची होती. कामाचा ठरलेला रोख मोबदला हवा होता. आपले गायक आणि शाहीर संगीताच्या बाजारात आजही बलुत्यावरच आहेत.

जगात हे फक्त आपल्याच बाबतीत घडलं असं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सॉलोमन लिंडा या कृष्णवर्णीय गायकाने १९३९ साली 'म्बुबे' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि त्याचे हक्क १० शिलिंगला गेले. पुढे त्याच गाण्यावरून बेतलेलं 'द लायन स्लीप्स टुनाइट' जगभर गाजलं. लिंडा १९६२ साली गरिबीतच गेला. त्याच्या मुलींना न्याय्य तडजोड मिळाली ती २००६ साली, तीही वकिलांनी जुना कायदा खणून काढल्यावर. तिथे वंश होता, इथे जात आहे. गाणं घेऊन माणूस वगळण्याची पद्धत सारखीच आहे.

यावर आपल्यातलेच काही जण म्हणतील की भीमगीत ही चळवळीची ठेव आहे, तिचा बाजार मांडू नका. उद्या चौकात गाणं लावायलाही पैसे पडतील. ही काळजी मी समजू शकते. पण बाजार आपण मांडायचा राहिलेला नाही, तो कधीचाच मांडला गेला आहे. एप्रिल महिन्यात भीमगीतांच्या व्हिडिओंवर जाहिराती लागतात आणि त्यांचे पैसे कुणाच्या तरी खात्यात जातात. मागणी त्या पैशातल्या वाट्याची आहे. चौकातल्या मंडळाकडून, विहारातल्या कार्यक्रमाकडून कुणी काही मागत नाही, मागूही नये. जाहिरात विकून गाणं वाजवणाऱ्याने हिशेब द्यावा, एवढंच.

मग करायचं काय? कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही, पण सोसायटी पैसे वाटते ते सभासदांना. म्हणून गीतकार-संगीतकारांनी आणि त्यांच्या वारसांनी आयपीआरएसमध्ये, गायक-वादकांनी इसाम्रामध्ये नाव घालणं ही पहिली पायरी. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. वामनदादा २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या गाण्यांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या गाण्यांचा हक्क २०२९ अखेर संपतो. हातात फार वर्षं नाहीत. कुठल्या गाण्याचा करार कुणाशी झाला होता, २०१२ ची दुरुस्ती जुन्या करारांना किती लागू पडते, हे प्रत्येक वेळी तपासावं लागेल. त्यासाठी आपल्या वकिलांनी वेळ द्यायला हवा.

दुसरं काम आपल्या विद्यार्थ्यांचं. जुन्या वह्या, गाण्यांच्या पुस्तिका, कॅसेटची वेष्टनं, कार्यक्रमांची पत्रकं हे सगळं पुरावा आहे. घर बदलताना ते रद्दीत जातं. त्याचे फोटो काढून, तारखेसह, गीतकाराच्या नावासह नोंदवून ठेवायला हवेत.

तिसरी मागणी रेडिओ आणि ऑनलाइन कंपन्यांकडे. कुठलं गाणं किती वेळा वाजलं आणि गीतकार म्हणून कुणाचं नाव लावलं, याची यादी सर्वांना पाहता आली पाहिजे. 'पारंपरिक' लिहिणाऱ्याने तसं का लिहिलं याचा आधार दिला पाहिजे. आणि जे गाणं खरोखर समूहाचं आहे, त्याचा लेखकाचा वाटा त्या समूहातल्या वृद्ध कलाकारांच्या निधीत गेला पाहिजे.

पुढच्या १४ एप्रिलला जे मंडळ गाणी लावेल, त्याने प्रत्येक गाण्याआधी गीतकाराचं, संगीतकाराचं आणि गायकाचं नाव माइकवरून सांगावं, आणि शेवटचं कडवं कापू नये. त्याला पैसे लागत नाहीत. नाव आपणच घेतलं नाही, तर ते रेडिओने घ्यावं असं न्यायालयात कोणत्या तोंडाने सांगायचं?

(लेखिका समाजशास्त्राच्या पीएचडी संशोधक असून सध्या भिलाई येथे राहतात.)