आधी दगड तोलू

हा अंक हाती पडेल तेव्हा बहुतेक शाळा सुरू झालेल्या असतील. विदर्भातल्या थोड्या मागून सुरू होतील. नवी पुस्तके आली, वेळापत्रके लागली. त्या वेळापत्रकात दरवर्षीप्रमाणे दोन धडे एकमेकांपासून लांब पडले आहेत. भूगोलाच्या तासाला शिलावरण, जलावरण, वातावरण, जीवावरण. विज्ञानाच्या तासाला पदार्थाच्या अवस्था आणि गुणधर्म. एक धडा बाई शिकवतात, दुसरा सर. मुले दोन्हीकडच्या व्याख्या पाठ करतात, दोन्हीकडे गुणही मिळवतात. पण दोन्ही तासांना आपण एकाच गोष्टीविषयी शिकत होतो, हे फार थोड्या मुलांच्या ध्यानात येते.

सहावी ते आठवीला शिकवणाऱ्या आपणा सर्वांपुढे या महिन्यात एकच म्हणणे मांडायचे आहे. पृथ्वीवर दगड खाली, पाणी त्यावर आणि हवा सगळ्यांच्या वर आहे ती पदार्थांच्या गुणधर्मांमुळे. म्हणून गुणधर्म आधी मुलांच्या हाती द्यावेत आणि आवरणांची नावे मागून सांगावीत.

हे सुचले ते एका मुलीच्या उत्तरामुळे. गेल्या वर्षी एका शाळेत सातवीच्या वर्गात बसलो होतो. मुलांच्या वह्यांत पृथ्वीच्या आवरणांची आकृती नीट रंगवलेली होती. मी विचारले, "हवा सगळ्यांत वर का?" वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आवरण म्हणजे पांघरूण. पांघरूण वरच असतं ना!"

तिने शब्दाचा अर्थ अचूक लावला होता आणि त्यावरून तर्कही केला होता. उणीव होती आमच्या शिकवण्यात. आम्ही तिला विचार करायला फक्त शब्द दिला होता, वस्तू दिली नव्हती. 'आवरण' हा शब्द चांगला आहे, पण तो एकटा सोडला की दोन गैरसमज घेऊन येतो. एक, ही आवरणे चांगली जाडजूड आहेत. दुसरा, ती पांघरुणांसारखी एकावर एक, वेगवेगळी अंथरलेली आहेत.

पहिला गैरसमज व्हरांड्याच्या फरशीवर दहा मिनिटांत दूर होतो. 1 सेंटिमीटर म्हणजे 100 किलोमीटर असे प्रमाण घ्या. दोऱ्याला खडू बांधून 64 सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. पृथ्वीची त्रिज्या 6371 किलोमीटर आहे. आता मुलांना मोजायला सांगा. एव्हरेस्ट 1 मिलिमीटरही भरत नाही. समुद्राची सरासरी खोली 3.7 किलोमीटर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून कमी. आपल्या पायांखालचे भूकवच 4 मिलिमीटरच्या आत. ढग, वारा, पाऊस ज्या थरात घडतात तो आपल्याकडे 16-17 किलोमीटर उंचीचा, म्हणजे दीड मिलिमीटरहून थोडा जास्त. प्रावरणाचा वरचा भाग धरून शिलावरण मोजले, तरी ते बोटाच्या रुंदीएवढेच. भूकवच, समुद्र, ढग आणि झाडून सारे सजीव फरशीवरच्या खडूच्या जाड रेघेत मावतात. ही रेघ स्वतः ओढलेले मूल पाठ्यपुस्तकातले जाड रंगीत पट्टे पुन्हा तसेच्या तसे खरे मानणार नाही.

मग वर्तुळाच्या आत उरलेल्या एवढ्या मोठ्या जागेत काय आहे, असा प्रश्न मुलेच विचारतात. त्याचे उत्तर मैदानातल्या दगडापाशी सुरू होते.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागात मैदानातला दगड म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भेगांमधून पुन्हा पुन्हा बाहेर आलेल्या लाव्हाचे हे थर. मुठीएवढा, बिनभेगेचा दगड निवडून धुऊन घ्या. शाळेत ताणकाटा असेल तर उत्तम. नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. आधी दगड तोला. मग पाण्याचे भांडे डिजिटल काट्यावर ठेवून आकडा टिपा, आणि दोऱ्याला बांधलेला दगड पाण्यात असा लोंबकळत धरा की तो पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही. काट्यावरचा आकडा जितक्या ग्रॅमने वाढेल, तितके घन सेंटिमीटर त्या दगडाचे आकारमान. समजा, दगड 560 ग्रॅमचा आहे आणि आकडा 195 ने वाढला. भागाकार करा: 2.87. म्हणजे या दगडाची घनता पाण्याच्या जवळजवळ तिप्पट आहे.

आता मुलांना हेन्री कॅव्हेंडिशची गोष्ट सांगता येईल. 1798 साली या इंग्रज शास्त्रज्ञाने अख्ख्या पृथ्वीची घनता काढली. तारेने टांगलेल्या आडव्या दांडीच्या दोन टोकांना शिशाचे दोन लहान गोळे होते. त्यांच्याजवळ त्याने प्रत्येकी दीडशे किलोहून जड असे शिशाचे दोन मोठे गोळे आणले, आणि त्यांच्या ओढीने तार किती पिळते ते मोजले. आपल्या अंगाच्या उष्णतेने खोलीतली हवा हलू नये म्हणून तो खोलीबाहेर उभा राहून दुर्बिणीतून नोंदी घेत असे. उत्तर आले पाण्याच्या 5.48 पट. आजचा स्वीकृत आकडा 5.51 आहे.

फळ्यावर दोन आकडे शेजारी लिहा: आपला दगड 2.87, पूर्ण पृथ्वी 5.5. मग थांबा. घाई करू नका. वरचा दगड सरासरीच्या निम्म्याला थोडा वर, तर आत काय असेल? काही मिनिटांत एखादे मूल म्हणतेच, "आत यापेक्षा खूप जड काहीतरी असलं पाहिजे." पृथ्वीचा गाभा मुख्यतः लोह आणि निकेलचा आहे, हे वाक्य पुस्तकात आहेच. पण मैदानातल्या दगडावरून तिथवर पोचलेल्या मुलाला ते पुन्हा पाठ करावे लागत नाही.

यानंतर एका काचेच्या ग्लासात काकवी, पाणी आणि गोडे तेल हळूहळू ओता आणि थर कसे लागतात ते मुलांना पाहू द्या. सुमारे 450 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी वितळलेल्या अवस्थेत असताना असेच काहीसे झाले: जड लोह मध्याकडे गेले, हलके खडक वर राहिले. पुढे पाणी साठले ते खडकावर, आणि हवा पाण्याच्याही वर. गाभा 10 ते 13, प्रावरण साधारण 3.3 ते 5.5, भूकवच 2.7 ते 3, पाणी 1, हवा 0.0012. घनतेच्या उतरत्या क्रमाने लागलेली ही रांग आहे. पांघरुणाच्या तर्कावर समाधान मानणाऱ्या त्या मुलीला, मी विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे मिळते.

हवेचा तो लहानसा आकडा मात्र मुलांना "काहीच नाही" असा वाटू देऊ नये. 8 मीटर लांब, 6 मीटर रुंद, 3 मीटर उंच वर्गात किती हवा मावते, याचा गुणाकार करून घ्या. उत्तर दीडशे किलोहून अधिक येते. चार-पाच विद्यार्थ्यांच्या वजनाएवढी हवा आपल्या वर्गात आहे, हे कळल्यावर होणारी कुजबुज थोडा वेळ चालू द्यावी.

दुसरा गैरसमज, म्हणजे आवरणे वेगवेगळी असतात हा, जांभा दगड दूर करतो. कोकणातल्या शिक्षकांना तो दाराशीच मिळेल. इतरांनी रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या सहकाऱ्याकडून एक तुकडा मागवावा. उन्हात चांगला वाळवा, तोला, पाण्यात सोडा. बुडबुड्यांची रांग वर येऊ लागते. मुलांना विचारा, हे कसले? हवेचे. ती हवा कुठे होती? दगडात. रात्रभर पाण्यात ठेवून, वरचे पाणी पुसून पुन्हा तोला. जितके वजन वाढले तितके पाणी आता दगडात आहे. वातावरण आणि जलावरण दोन्ही शिलावरणाच्या पोटात शिरलेली मुलांनी स्वतः मोजली.

जांभ्याच्या जन्मातही हीच सरमिसळ आहे. उबदार हवेत आणि मुसळधार पावसात मूळ खडकातली सिलिका हजारो-लाखो वर्षे झिरपणाऱ्या पाण्यात विरघळून वाहून गेली. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली, म्हणून तो तांबडा. खाणीत ताजा असताना त्याचे चिरे हत्याराने कापता येतात आणि हवा लागली की तो कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकाननने 1807 साली मलबारातल्या अशाच दगडाला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून 'लॅटराइट' हे नाव दिले. घाट चढून देशावर आलो की त्याच बेसाल्टची, पण कमी पावसात, काळी माती झालेली दिसते. पाण्याने फुगणारी, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडणारी. मूळ खडक एक, पाऊस वेगळा, म्हणून गुणधर्म वेगळे. विद्राव्यता, कठीणपणा, सच्छिद्रता या शब्दांना आता मुलांच्या गावचा पत्ता मिळाला.

अवस्थांच्या धड्यातले एक वाक्य आपण सहज सांगून पुढे जातो: द्रवाला ठरावीक आकार नसतो. त्या वाक्याचे मोल मुलांना कळायला हवे, कारण पृथ्वीच्या गाभ्याचे गुपित त्याच वाक्याने उकलले. 12 जून 1897 रोजी आसामात मोठा भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा अभ्यास केला, दूरदूरच्या नोंदींतून भूकंपलहरींचे प्रकार वेगळे ओळखले, आणि 1906 साली पृथ्वीच्या आत वेगळा गाभा असल्याचे दाखवले. या लहरींपैकी एक जात पदार्थाला आडवी हलवत पुढे जाते. त्यासाठी पदार्थाने आपला आकार धरून ठेवायला हवा. द्रव तो धरत नाही, म्हणून ही लहर द्रवातून जात नाही. ती गाभ्यातून पार होत नाही. 1926 साली हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी गाभा द्रव असल्याचे मांडले. त्याच्याही आत घन अंतर्गाभा असल्याचे 1936 साली इंगे लेहमन यांनी दाखवले. सहावीच्या मुलाने पाठ केलेले एक वाक्य तीन हजार किलोमीटर खोलवरची अवस्था सांगू शकते. विज्ञानाची ताकद मुलांना दाखवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आणि ती लहर प्रावरणातून जाते. म्हणजे प्रावरण घन आहे. भूकवचाखाली सगळीकडे उकळता शिलारस भरला आहे, ही समजूत मुलांत फार आहे आणि कधी कधी आपल्याही बोलण्यातून ती पक्की होते. घन असूनही प्रावरण वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या सावकाश वाहते. घन पदार्थ वाहील कसा, असे मुले विचारतील तेव्हा डांबराचा गोळा दाखवा. गारठ्यात हातोडी मारली तर काचेसारखा फुटतो. पण ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी 1927 साली नरसाळ्यात भरलेले डांबर अजून ठिबकते आहे, आणि 2014 पर्यंत त्याचे फक्त नऊ थेंब पडले. डांबर हा अतिशय घट्ट द्रव, प्रावरण हा घन. दोन्ही एक नव्हेत, हेही सांगावे. पण वाहणे दिसायला किती वेळ थांबावे लागते, हे डांबर छान शिकवते.

हे सारे कधी करायचे, हा आपला प्रश्न रास्त आहे. साठ मुलांचा वर्ग, एकच काटा, डोक्यावर चाचणीची तारीख. म्हणून मागणे मोजके ठेवतो. भूगोल शिकवणाऱ्या सहकाऱ्यांशी जूनमध्येच बोलून दोन्ही धडे एकाच पंधरवड्यात घ्या. एक तास व्हरांड्यातल्या वर्तुळाला, एक तास दगड तोलायला, एक तास फळ्यावरच्या दोन आकड्यांवर बोलायला. दोन विषयांच्या तासिकांतून हे तीन तास निघतात. गट करा; प्रत्येक गटाला आपला दगड, आपला आकडा. आकडे थोडे वेगळे येतील. का वेगळे आले यावरची चर्चा म्हणजेच विज्ञान, ती टाळू नका. आवरणांच्या व्याख्या चौथ्या तासाला द्या. तोवर मुलांना त्यांची गरज वाटू लागलेली असेल.

शेवटी एक विनंती. आपल्या विद्यार्थ्यांनी काढलेली गावच्या दगडाची घनता आम्हाला लिहून कळवा. सोबत गावाचे नाव, दगड कुठे सापडला, दिसतो कसा, आणि पाण्यात बुडबुडे आले की नाही, एवढेच. कोकणातून जांभा येईल, देशावरून काळा पाषाण, भंडारा-गडचिरोलीकडून ग्रॅनाइट आणि नाइस, चंद्रपुराकडून कोळसा आला तर तो पाण्याहून थोडासाच जड भरेल, आणि लोहखनिजाचा तुकडा 5 च्या आसपास जाईल. दिवाळीच्या अंकात हे सगळे आकडे आम्ही महाराष्ट्राच्या नकाशावर मांडून छापू. तो नकाशा वर्गात लावा. आपल्या गावावरचा आकडा आपण काढला, हे त्या भिंतीकडे बोट दाखवून सांगणाऱ्या मुलाला शिलावरण म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागणार नाही.