जंतनाशकाची मर्यादा आणि एडक्याची निवड

मेंढ्यांच्या जंतांचा प्रश्न औषधाने सुटलेला आहे, असे मानणारा पक्ष पशुसंवर्धनात आजही प्रबळ आहे. या पक्षाचे म्हणणे असे की जंतनाशक स्वस्त आहे, पावसाळ्याच्या आगेमागे ते पाजले की कळप सुरक्षित राहतो, उलट रोगाला दाद न देणारी जनावरे पैदा करायला पिढ्या लागतात आणि तेवढा धीर मेंढपाळाला परवडत नाही. या पूर्वपक्षातील खरा भाग आधी मान्य केला पाहिजे. गळ्याखाली पाणी साठून सूज आलेल्या, डोळ्याच्या पापणीची आतली लाली उडून गेलेल्या मेंढीला औषधच लागते. परंतु एक मेंढी वाचवणे आणि कळप निरोगी राखणे ही दोन वेगळी कामे असून दुसरे काम औषधाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

मेंढ्यांना सर्वांत घातक ठरणारा ‘हिमॉन्कस कॉन्टॉर्टस’ हा जंत त्यांच्या चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात, राहून रक्त शोषतो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो, म्हणजे हजार जंत असलेली मेंढी रोज ५० मिलिलिटर रक्त गमावते. एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते, ती लेंड्यांवाटे रानात पडतात आणि ओल मिळताच त्यांतून निघालेल्या अळ्या गवतावर चढून पुन्हा मेंढीच्या पोटात जातात. औषध पोटातले जंत मारते, रानातले मारत नाही, आणि पोटातून जे थोडे वाचतात तेच पुढच्या पिढीचे आईबाप होतात. थायाबेंडाझोल १९६१ मध्ये बाजारात आले आणि १९६४ मध्येच त्याला न जुमानणारे जंत नोंदले गेले. १९८१ मध्ये आलेल्या आयव्हरमेक्टिनचीही त्याच दशकात दक्षिण आफ्रिकेत तीच गत झाली. २००९ मध्ये न्यूझीलंडमध्ये आलेल्या मोनेपँटेलला तर २०१३ पर्यंत त्याच देशात जंत पुरून उरले होते. ज्या उपायाच्या वापरातूनच त्याचा पराभव घडत जातो, त्यावर सगळी भिस्त ठेवणे हे धोरण नव्हे.

पैदाशीचा पक्ष यापेक्षा भक्कम पायावर उभा आहे. एकाच रानात चरणाऱ्या मेंढ्यांपैकी मोजक्या मेंढ्या बहुतेक जंत बाळगतात, आणि या फरकाचा काही भाग आनुवंशिक असतो. मेरिनो मेंढ्यांत हा भाग साधारण एक पंचमांश ते दोन पंचमांश आढळतो, म्हणजे दूध वाढावे म्हणून वळू निवडताना ज्या आनुवंशिकतेवर विसंबले जाते, जवळजवळ तेवढाच. मोजणीही अवघड नाही. दोन ग्रॅम लेंड्या मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवून मिश्रण ३० मिलिलिटर केले की हलकी अंडी वर तरंगतात, ती ‘मॅकमास्टर’ नावाच्या रेघांच्या काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात आणि दिसलेल्या प्रत्येक अंड्यामागे ५० धरून ग्रॅममागे किती अंडी ते काढतात. ज्या एडक्याचा हा आकडा औषधाविना कमी राहतो, त्याची कोकरेही सरासरीने रानात कमी अंडी टाकतात आणि त्याचा लाभ त्याच रानात चरणाऱ्या दुबळ्या मेंढ्यांनाही मिळतो.

जंत जसे औषधाला सरावले तसे प्रतिकारक्षम मेंढीलाही सरावतील, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. परंतु ऑस्ट्रेलियात हिमॉन्कसच्या अनेक पिढ्या मुद्दाम प्रतिकारक्षम मेंढ्यांच्या पोटात वाढवून पाहिल्यावरही, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, असे जुळवून घेणे दिसले नाही. औषध बहुधा जंताच्या एखाद्याच मर्मावर घाव घालते, मेंढीची प्रतिकारशक्ती मात्र अनेक जनुकांच्या आणि शरीरक्रियांच्या एकत्रित कामातून येते, हे त्याचे संभाव्य कारण होय.

प्रतिकारक्षमतेची किंमत मोजावी लागते, हा दुसरा आक्षेप अंशतः खरा आहे. सुंदरबनच्या दलदलीत चरणारी बंगालची गॅरोल मेंढी जंतांना चांगली तोंड देते, पण ती अंगाने फार लहान असते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांशी तिचा संकर करून वाढ आणि जंत-प्रतिकार या दोन्हींची पारख केली, तेव्हा गॅरोलच्या रक्ताने प्रतिकार वाढला तरी कोकरांचे वजन घटले. यातून निघणारा निष्कर्ष निवड सोडून द्यावी असा नसून ती दोन्ही गुणांची नोंद ठेवून, शक्यतो दख्खनी जातीच्या आतच करावी, असा आहे. ‘देशी’ म्हणजे आपोआप निरोगी हा दावाही येथेच निकालात निघतो, कारण दख्खनी आणि गॅरोल दोन्ही देशीच असून त्यांचा प्रतिकार सारखा नाही. केनियातही लाल मसाई मेंढी दमट किनाऱ्यावर डॉर्पर जातीहून कितीतरी सरस ठरली, कोरड्या भागात मात्र ते अंतर उरले नाही. म्हणून ज्या रानात, ज्या पावसात कळप चरतो, तेथेच एडक्याची परीक्षा व्हायला हवी.

आज एडका निवडला जातो तो उंची, अंगलट आणि रंग पाहून. पैदाशीसाठी नर पुरवणाऱ्या प्रत्येक प्रक्षेत्राने पावसाळ्यातील दोन मोजण्यांचे आकडे वजनाशेजारी लिहून तो नर मेंढपाळाच्या हवाली केला पाहिजे. एक एडका हंगामात पंचवीस-तीस मेंढ्यांना पुरतो आणि त्याच्या कोकरांपैकी माद्या वर्षानुवर्षे कळपात राहतात, त्यामुळे त्या दोन मोजण्यांवरचा खर्च किरकोळच ठरतो.