कम्फर्ट रेशोवर किती भरवसा?

शिडाची यॉट घेणारे बरेचजण आधी दोन आकडे विचारतात. पहिला कम्फर्ट रेशो. तो तीस-चाळीस भरला की प्रवास सुखाचा, असे मानले जाते. दुसरा नौका उलटण्याचा अंक. तो 2 च्या आत असला की नौका सुरक्षित! पहिली समजूत अर्धवट आहे, दुसरी जिवावर बेतणारी.

कम्फर्ट रेशो नौकारचनाकार टेड ब्रूअर यांचा. आपण तो काहीसा गमतीनेच काढला, असे त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. त्यामागचे शास्त्र मात्र खरे आहे. रुंद, हलक्या नौकेला लाट झटकन उचलते. जड, अरुंद नौका सावकाश वर चढते. पोट ढवळते ते या झटक्याने. म्हणून सूत्रात वजनाला लांबी-रुंदीवरून काढलेल्या संख्येने भागतात.

पण वजन कोणते धरायचे? माहितीपत्रकात बहुधा रिकाम्या नौकेचे असते. 36 फूट लांब, पाणरेषेवर 28 फूट आणि 11 फूट रुंद अशा नौकेचे वजन 12,000 पौंड धरले तर उत्तर सुमारे 25 येते. पाणी, इंधन, शिधा, नांगराची साखळी भरून ते 15,000 झाले की 31. नौका तीच, आकडा मात्र वेगळ्या वर्गातला.

उलटण्याच्या अंकाचे दुखणे याहून मोठे. 1979 च्या फास्टनेट शर्यतीत 303 नौका उतरल्या आणि वादळात 15 स्पर्धक दगावले. त्यानंतर अमेरिकेत झालेल्या अभ्यासातून हा अंक आला. तो फक्त रुंदी आणि वजन पाहतो. वजन कुठे आहे ते पाहत नाही. कीलमधले शिसे काढून डोलकाठीच्या टोकाला बांधले तरी तो तसूभर बदलणार नाही!

'सुहेली' घ्या. मुंबईत सागवानात बांधलेल्या या 32 फुटी, जड नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. तरीही दक्षिणेच्या समुद्रात लाटेने ती आडवी पाडलीच. तिच्याच आराखड्यावर गोव्यात बांधलेली 'थुरिया' घेऊन अभिलाष टॉमी 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. 21 सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात ती उलटली, डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. त्या लाटांपुढे जडपणा पुरला नाही.

म्हणून हे आकडे फेकून द्यावेत का? मुळीच नाही. सारख्या लांबीच्या, सारख्या कामाच्या दोन नौका भरलेल्या वजनानिशी शेजारी ठेवल्या, तर त्यांतली कोणती जास्त आपटेल हे कम्फर्ट रेशो चांगले सांगतो. नौका उलटण्याबद्दल मात्र रचनाकाराकडून स्थिरतेचा आलेखच मागावा: किती अंश कलेपर्यंत ती स्वतःहून सरळ होते, हे त्यात दिसते. मग आत जाऊन निजायच्या जागा पाहाव्यात. नाळेकडच्या बिछान्यावर लाटेचे हेलकावे मोठे बसतात, मध्यावर बरेच कमी. आणि तो फरक सांगणारा रकाना या सूत्रात नाही.