लाल अक्षराची पाटी

आमच्या चिरंजिवांना गेल्या श्रावणात अठरा वर्षे पुरी झाली, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्यापुढे स्कूटरच्या किल्लीसाठी हात पसरला. पूर्वी मुलगा मोठा झाला हे मिसरुडावरून कळे. हल्ली ते किल्लीवरून कळते.

"किल्ली मिळेल," मी म्हणालो, "पण आधी रीतसर शिकायचं."

"त्यात शिकायचं काय बाबा? मूठ पिळली की चालते!"

हे वाक्य मुळात माझेच. तेवीस वर्षांपूर्वी मीही असाच 'शिकलो' होतो. दोन संध्याकाळी एका मित्राने मैदानावर स्कूटर मागून धरली, तिसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे पाय न टेकता इंग्रजी आठाचा आकडा काढला, आणि तेवढ्या भांडवलावर मला रस्त्यावर हिंडण्याचा परवाना मिळाला. आठाच्या आकड्यासारखा रस्ता मला त्यानंतर कुठेच भेटला नाही.

पण प्राध्यापकाला व्याख्यान दिल्याशिवाय राहवत नाही. मी कायदा सांगू लागलो. शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा. तो मिळाल्यावर निदान तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा नाही. तोवर गाडीला पुढेमागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल'. दुचाकीवर मागे शिकवणाऱ्याखेरीज कुणी बसायचे नाही. 2019 च्या दुरुस्तीपासून अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. माझे विद्यार्थी विभक्तिप्रत्यय ऐकतात तितक्याच सोशिकपणे त्याने सारे ऐकले, आणि विचारले,

"बाबा, कायद्यात उलट्या बाजूने जायला परवानगी आहे का हो?"

स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा आवाज झाला. सौभाग्यवती हसू दाबत होत्या.

त्याचे असे आहे: आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुभाजक आहे. सरळ मार्गाने जायचे तर डावीकडे वळून चौकापर्यंत जाऊन परत फिरावे लागते. माझा पहिला तास सव्वासातला. त्यामुळे कित्येक वर्षे मी उजवीकडे वळून दोनशे पावले उलट्या बाजूने जात आलो. त्यांतली चार-पाच वर्षे हेच चिरंजीव माझ्या दोन हातांमध्ये, स्कूटरच्या पुढच्या जागेत उभे राहून शाळेला येत. "समोरचे काका का ओरडले?" असे एकदा त्याने विचारले होते. "त्यांना घाई आहे," असे मी सांगितले होते.

मुलाची गाडी शिकण्याची पहिली शाळा कुठली, हे मला त्या संध्याकाळी कळले.

तरीही मी हट्ट सोडला नाही, त्याला कारण होते. गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गातला एक मुलगा संध्याकाळी घरी जाताना स्कूटरवरून घसरून पडला. गाडीला फारसे खरचटलेही नव्हते. हेल्मेट होते, ते कोपरात अडकवलेले होते. 2022 साली आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांतली 50,029 हेल्मेट न घातलेली होती. हे आकडे मी वाचले आणि विसरलोही असतो. पण वर्ष संपेपर्यंत हजेरी घेताना सत्तावीस क्रमांकाशी माझा आवाज अडे, आणि वर्ग खाली मान घालून बसे. तो क्रमांक विसरता येत नाही.

तेव्हा चिरंजिवांना स्कूटरबरोबर मोटारही शिकवायची ठरली. त्यांचे मास्तर एस.टी.तून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी त्यांनी गाडी सुरूच केली नाही. दार उघडायला शिकवले. उजवीकडचे दार डाव्या हाताने उघडायचे, म्हणजे अंग आपोआप वळते आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो. मी मागे बसून ऐकत होतो. ताशी साठ किलोमीटरच्या वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ सतरा मीटर जाते. म्हणजे आपण दचकून ब्रेकवर पाय ठेवीपर्यंतच तेवढी जागा संपलेली असते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट. म्हणून पुढची गाडी ज्या खांबापाशी होती तिथे पोचायला आपल्याला निदान दोन सेकंद लागले पाहिजेत. "पावसात चार धरा साहेब," मास्तर माझ्याकडे आरशातून पाहत म्हणाले. चाळिशी उलटल्यावर मी प्रथमच बाकावरचा विद्यार्थी झालो होतो. दुसऱ्या दिवसापासून मी घरून चार मिनिटे आधी निघू लागलो, आणि चौकातून वळून जाऊ लागलो.

यंदा दसऱ्याला स्कूटरची पूजा झाली. झेंडूचा हार दिव्यावर येत होता, तो चिरंजिवांनी काढून वर बांधला. परवाना चारच दिवसांपूर्वी आला होता. आपट्याची पाने घेऊन आईला मामाकडे नेण्याचा मान त्यांना मिळाला. आईच्या हनुवटीखालचा पट्टा त्याने स्वतः लावला, ओढून पाहिला.

मी गॅलरीत उभा होतो. गल्लीच्या तोंडाशी उजवीकडचा रस्ता अगदी मोकळा होता. तो थांबला, दोन्हीकडे पाहिले आणि डावीकडे, चौकाच्या दिशेने वळला.

वाचकहो, या दिवाळीत आपणही सहकुटुंब बाहेर पडाल. पुढच्या जागेत कुणी चिमुकले उभे असेल, तर ते शिकते आहे, एवढे ध्यानात असू द्या. त्याच्या पाठीवर लाल अक्षराची पाटी नसते, इतकेच.