तात्पर्य नको, वेताळाचा प्रश्न हवा

बालवाचनाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, तीत अद्भुताला बहुधा मागच्या दारानेच प्रवेश मिळतो. पुढच्या दारी संस्कारकथा, थोरांची चरित्रे आणि सामान्यज्ञानाची पुस्तके मानाने बसलेली असतात. राक्षस, परी, जादूगार यांना 'मूल लहान आहे तोवर ठीक' एवढीच सवलत असते. खेड्यातल्या, त्यातही कष्टकऱ्यांच्या मुलांचा विषय निघाला की ही सवलतही काढून घेतली जाते. या मुलांना आधी अक्षरओळख हवी, मग स्पर्धापरीक्षा. कल्पनेच्या भराऱ्या ही पोटभरल्यांची चैन, असा एकूण सूर असतो. आम्हांला हा सूर मान्य नाही. बालवाचनालयाची उभारणी अद्भुतापासून व्हावी, आणि ज्या मुलाच्या वाट्याला रोजचे वास्तव अधिक कठोर आले आहे त्याच्यासाठी तर ती आधी व्हावी, असे आमचे मत आहे.

उदाहरणादाखल बीड जिल्ह्यातील कपिलधारचा परिसर घेऊ. मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरांत पावसाळ्यात धबधबा कोसळतो. तेथेच मन्मथस्वामींची समाधी आहे आणि कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला दूरदूरचे भाविक पायी येतात. गावाच्या नावातच एक कथा दडलेली आहे. कपिलमुनींच्या नुसत्या दृष्टिक्षेपाने सगराचे साठ हजार पुत्र भस्म झाले आणि त्यांच्या उद्धारासाठी भगीरथाने गंगा भूमीवर आणली, ही कथा कोणत्याही परदेशी अद्भुत कादंबरीच्या तोडीची आहे. त्याच जिल्ह्यातील अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. ज्या मुलाला 'पांघरता येईल असा ग्रंथ' ही कल्पना ऐकून हसू येते आणि मग तो पाहावासा वाटतो, त्याच्यात वाचक जागा झालाच म्हणायचा.

अद्भुतावरचा नेहमीचा आक्षेप पलायनवादाचा. जे. आर. आर. टॉल्किन यांनी परीकथांवरील आपल्या विख्यात व्याख्यानात, बंदिवानाची सुटका आणि शिपायाचे रणांगणातून पळणे या दोन गोष्टींची गल्लत करू नये, असे बजावले होते. हा भेद आपल्याकडे अधिकच लागू पडतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व पाच-सहा महिन्यांनी परततात. मुले एकतर आईबापांबरोबर फडावरच्या कोपीत राहतात, नाहीतर आजीआजोबांपाशी वा हंगामी वसतिगृहात. अशा मुलाला 'वास्तवाचे भान' पुस्तकातून देण्याचा आग्रह आम्हांला क्रूर वाटतो. ते भान त्याला पुरेसे आहे. हे जग असे आहे, पण ते निराळेही असू शकते, ही कल्पना त्याला हवी आहे, आणि तीच अद्भुतकथा देते.

दुसरी अडचण आपण स्वतःच निर्माण केली आहे. ती म्हणजे तात्पर्याची. गोष्ट संपली की 'यावरून काय बोध घ्यावा' हे विचारल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. वास्तविक आपल्या परंपरेत याहून सरस नमुना उपलब्ध आहे. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी बोध न देता पेच घालतो. उत्तर माहीत असून गप्प राहशील तर तुझ्या डोक्याची शकले होतील, असे राजाला धमकावतो. राजाला निवाडा करावाच लागतो, आणि निवाडा केला की वेताळ पुन्हा झाडावर! बालवाचनालयाचा कार्यक्रम असाच असावा. वाचणाऱ्याने ऐन पेचावर पुस्तक मिटावे, मुलांनी भांडून निवाडे द्यावेत, आणि कोणाचा निवाडा 'बरोबर' हे कोणीही जाहीर करू नये. साहित्याच्या वर्गात आपण ज्याला अर्थनिर्णयन म्हणतो, त्याची पहिली इयत्ता हीच आहे.

काय वाचावे? अगदी लहानांसाठी विंदा करंदीकरांच्या बालकविता. त्या मोठ्याने म्हणण्यासाठीच आहेत. त्यानंतर रत्नाकर मतकरींची 'निम्मा शिम्मा राक्षस' आणि 'अलबत्या गलबत्या' ही नाटके, पात्रे वाटून घेऊन वाचावीत. 'चांदोबा' बंद पडला असला तरी त्याचे जुने अंक घरोघरी सापडतात. 'किशोर'चे जुने अंक तर बालभारतीने महाजालावर विनामूल्य ठेवले आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलांना भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आणि अरबी सुरस कथांच्या संक्षिप्त आवृत्त्या द्याव्यात. हॅरी पॉटरलाही बिचकू नये. त्याच्या पहिल्या भागाचे मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस' असे आहे, आणि परीस हा शब्द अभंग-कीर्तन ऐकणाऱ्या मुलाला परका नाही. पुढे जयंत नारळीकर आहेतच. 'यक्षांची देणगी', 'अंतराळातील भस्मासुर', 'वामन परत न आला' ही शीर्षकेच पुराणातून विज्ञानाकडे जाणारा पूल बांधतात. 'हे आवडले ना? मग आता हे वाच' असे सांगणारे माणूस मात्र ग्रंथालयात हवे. कपाटाची किल्ली सांभाळणारा तेवढ्याने ग्रंथपाल होत नाही.

कार्यक्रमाचा साचाही बाहेरून आणायला नको. मन्मथस्वामींच्या 'परमरहस्या'चे पारायण ऐकत आलेल्या मुलखाला सामूहिक वाचन नवे नाही. मुलांसाठी एकाच अद्भुत कादंबरीचा सप्ताह का करू नये? रोज संध्याकाळी एक तास वाचन, सातव्या दिवशी समाप्ती आणि खिचडी. प्रश्न आहे तो वेळापत्रकाचा. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला 'वाचन प्रेरणा दिन' साजरा होतो. नेमकी तेव्हाच अनेक घरांत फडावर जाण्याची बांधाबांध सुरू झालेली असते. पंधरा दिवसांत पुस्तक परत करण्याचा नियम आणि भरावी लागणारी अनामत यांत हे मूल बसतच नाही. म्हणून आमची सूचना अशी : अनामत माफ करावी, पुस्तक संपूर्ण हंगामासाठी द्यावे, आणि मुकादमाच्या टोळीबरोबर तीस-चाळीस पुस्तकांची एक पेटी पाठवावी. पेटी सांभाळायला टोळीतलीच एखादी सातवी-आठवीतली मुलगी नेमावी.

पुस्तके हरवतील, फाटतील, उसाच्या चिपाडांत जातील, असे कोणी म्हणेल. जातील. १९३१ साली एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतले पहिलेच पुस्तके वापरासाठी असतात असे सांगते. कपाटात अभंग राहिलेल्या शंभर प्रतींपेक्षा चैत्रात पाने दुमडून, डाग पडून परतलेल्या दहा प्रतींनी ग्रंथालयाचे काम अधिक केले आहे. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी हरवलेल्या पुस्तकांचा हिशोब जरूर विचारावा. पण त्याआधी, न दिलेल्या पुस्तकांचा विचारावा.