चमचाभर चव, ताटभर जेवण

नवा नमुना रिटॉर्टमधून, म्हणजे दाबाखाली पाकिटे निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, बाहेर आला की आपण तो छोट्या पांढऱ्या वाटीत घेतो, चमचाभर तोंडात घालतो, पाण्याने चूळ भरतो, नऊ गुणांच्या हेडोनिक तक्त्यावर आकडा लिहितो आणि पुढच्या वाटीकडे वळतो. बाजारातल्या बहुतेक तयार शाकाहारी भाज्या या परीक्षेत चांगल्या गुणांनी उतरतात. पण घरी कोणी भाजी अशी खात नाही. रात्री कामावरून दमून आलेला माणूस पाउच उकळत्या पाण्यात सोडतो, चार-पाच मिनिटांनी कात्रीने कापतो आणि पोळीबरोबर किंवा भातावर घेऊन भाजी संपवतो. पहिल्या चमच्याला भरदार वाटलेली भाजी अर्ध्या पोळीनंतर खारट लागते, तोंडात लवंग-दालचिनी रेंगाळते, आणि ताटात उरलेला रस्सा पुसून घ्यावासा वाटत नाही. हे सगळे आपल्या तक्त्यावर कुठेच उमटत नाही.

म्हणून गेले काही महिने आम्ही संपादक मंडळींनी ही पाकिटे घरी नेली. दाल मखनी, राजमा, छोले, पालक पनीर, नवरत्न कुर्मा, पावभाजीची भाजी असे जे किराणा दुकानात सहज मिळते ते घेतले आणि घरच्यांना मुद्दाम काही न सांगता जेवणात वाढले. इथे कोणत्याही ब्रँडचे नाव घेत नाही, कारण जे दोष दिसले ते एका कंपनीचे नाहीत. पदार्थ आणि तंत्र यांची जोडी जिथे जुळत नाही तिथे ते सगळ्यांच्याच पाउचमध्ये दिसतात.

सगळ्यांत चांगली उतरली ती कडधान्ये आणि डाळी. यात नवल नाही. दाल मखनीचे मूळ कौशल्यच मुळी रात्रभर निखाऱ्यावर शिजत ठेवण्यात आहे. रिटॉर्टमधल्या १२१ अंश सेल्सिअसला उडीद आणि राजमा आणखी मऊ होतात, त्यांचा स्टार्च रश्श्यात उतरून त्याला अंगचाच दाटपणा येतो, आणि मेलार्ड क्रियेने येणारा गडद रंग व भाजकी चव तिथे हवीशीच असते. यंत्र जे करते तेच स्वयंपाकीही करायला बघत होता. छोल्यांचेही तेच. दुसऱ्या दिवशीचे छोले ज्यांना जास्त आवडतात त्यांना पाउचमधले छोले परके वाटत नाहीत.

पालक पनीरची गोष्ट उलटी. हरितद्रव्यातला मॅग्नेशियमचा अणू उष्णतेने आणि आम्लाने निघून जातो आणि हिरवा पालक शेवाळी, तपकिरीकडे झुकणारा होतो. पनीर घट्ट, चिवट होते, कडांना पिवळसर पडते. घरी लोखंडी कढईत दहा मिनिटांत होणाऱ्या या भाजीचा जीवच तिच्या ताजेपणात आहे, आणि नेमका तोच आपण तासाभराच्या प्रक्रियेत घालवतो. तरीही प्रत्येक कारखान्याच्या यादीत पालक पनीर असतेच, कारण हॉटेलच्या मेन्यूकार्डावर ते पहिल्या पाचांत असते. पदार्थ निवडताना आपण मेन्यूकार्ड बघतो. बघायला हवे ते तापमान-काळाचे वक्र.

नवरत्न कुर्म्यातल्या भाज्यांचे काय झाले हे वेगळे सांगायला नको. फरसबी आणि गाजर ओळखू येत होते ते रंगावरून. यावर उपाय आपल्याला ठाऊक आहे, पण वेळ वाचवण्यासाठी तो वगळला जातो. भाजी ६० ते ७० अंशांच्या पाण्यात, थोड्या कॅल्शियमसह, पुरेसा वेळ ठेवली तर तिच्यातले पेक्टिन मिथाइलएस्टरेज हे विकर जागे होते, पेक्टिनची कॅल्शियमशी बांधणी होते, आणि मग पुढच्या उष्णतेत ती इतकी विरघळत नाही. थेट उकळत्या पाण्यात ब्लांचिंग केले की हे विकर काम सुरू करण्याआधीच निकामी होते. एका टाकीचे तापमान बदलण्याइतके हे सोपे आहे, आणि त्याचा फरक दाताला कळतो.

सुगंधाची बाजू सर्वांत लंगडी निघाली. कोथिंबीर, कढीपत्ता, आले, हिंगाची फोडणी यांतली उडणारी द्रव्ये बंद पाउचमध्ये बाहेर जात नाहीत हे खरे, पण इतक्या उष्णतेत ती आहेत तशी राहतही नाहीत. लवंग, दालचिनी, मसाला वेलची मात्र टिकतात आणि पुढे येतात. त्यामुळे चार वेगळी नावे असलेल्या भाज्यांचा वास एकाच कढईतून आल्यासारखा येतो. घरोघरी यावर तोडगा निघालेला आहे. आमच्यापैकी एकीच्या सासूबाईंनी राजम्यावर तुपात जिरे-हिंगाची फोडणी ओतली, लिंबू पिळले, चिरलेली कोथिंबीर टाकली आणि मगच तो वाढला. भाजी पालटली. मग हे काम आपण का सुचवत नाही? पाकिटावर ‘गरम करा आणि खा’ एवढेच लिहिण्याऐवजी ‘वरून फोडणी द्या, लिंबू पिळा’ असे लिहायला शाईपलीकडे काही खर्च नाही. आणि ज्यांना खर्च परवडेल त्यांनी फोडणीच्या तेलाची छोटी पुडी वेगळी द्यावी. शिजवलेला पदार्थ आणि शेवटचा सुगंध हे दोन वेगळे टप्पे आहेत, दोन्ही एकाच रिटॉर्टमधून काढण्याचा हट्ट सोडला पाहिजे.

हे तंत्र ज्यांच्यासाठी जन्माला आले ते ग्राहक वेगळे होते, हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकेच्या लष्कराच्या नॅटिक येथील संशोधन केंद्राने उद्योगांना बरोबर घेऊन रिटॉर्ट पाउच घडवले, आणि १९८०च्या दशकात त्यांच्या सैनिकांच्या शिध्यात पत्र्याच्या डब्यांची जागा त्याने घेतली. आपल्याकडे १९६१ साली स्थापन झालेल्या म्हैसूरच्या डिफेन्स फूड रिसर्च लॅबोरेटरीने भारतीय जेवण या पाउचमध्ये बसवले आणि मग ते तंत्र उद्योगांना दिले. बर्फाळ चौकीवरच्या जवानाला हवी होती पुरेशी ऊर्जा, टिकाऊपणा आणि गरम जेवणाचा आधार. शहरातल्या दोन माणसांच्या कुटुंबाला, ज्यातल्या एकाला रक्तदाब आहे, दुसरेच काही हवे असते.

मिठाचा हिशेब इथेच मांडतो. समजा लेबलवर १०० ग्रॅममागे ४०० मिलिग्रॅम सोडियम आहे. ३०० ग्रॅमच्या पाउचमध्ये ते झाले १२०० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ३ ग्रॅम मीठ. २०२०च्या लेबलिंग नियमांत दिवसाची मर्यादा धरली आहे २००० मिलिग्रॅम सोडियमची, म्हणजे ५ ग्रॅम मिठाची. पाउच ‘दोन जणांसाठी’ असे छापून आपण टक्केवारी निम्मी दाखवतो, पण एकटा राहणारा माणूस पाउच उघडल्यावर अर्धे ठेवत नाही. आणि मिठाशिवाय भाजी टिकणार नाही, असेही नाही. टिकवण्याचे काम उष्णता करते. मीठ आपण घालतो ते चमचाभर चाखणीत गुण पडावेत म्हणून. घरी पूर्ण जेवणात चाखले असते तर मीठ आपोआप कमी झाले असते.

त्याच उष्णतेबद्दल ग्राहकाला आपण काहीच सांगत नाही. वर्षभर टिकणाऱ्या भाजीत औषध घातलेलेच असणार, असे आजही अनेक घरांत मानले जाते. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ या दोन शब्दांवर त्यांचा विश्वास बसत नाही, कारण मग टिकते कशी याचे उत्तर पाकिटावर नसते. हवाबंद करून प्रेशरखाली १२१ अंशांवर निर्जंतुक केलेले आहे, एवढे एक वाक्य साध्या मराठीत लिहा. ज्या बाईने आयुष्यभर प्रेशर कुकर वापरला आहे तिला ते लगेच कळेल.

आता आपल्या मातीतल्या पदार्थांविषयी. दौंड तालुक्यातल्या भांडगावच्या कारखान्यात बनणारी टेस्टी बाइटची ‘मद्रास लेंटिल्स’ आणि ‘बॉम्बे पोटॅटोज’ अमेरिकेतल्या साध्या सुपरमार्केटच्या फळीवर मिळतात. म्हणजे तंत्र, हात, पाणी, सगळे पुणे जिल्ह्यातले आहे. पण परदेशी शिकायला निघालेल्या मराठी मुलाच्या बॅगेत आई जी पाकिटे भरते त्यांत राजमा असतो, मखनी असते. वालाचे बिरडे क्वचितच. आमचे ठाम मत आहे की रिटॉर्टला मानवणारे पदार्थ मराठी स्वयंपाकात खच्चून भरले आहेत आणि आपण ते वापरत नाही. काळ्या वाटाण्याचे सांबारे घ्या. वाटाणा कणखर, वाटण भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे, रंग मुळातच गडद. कराड-इस्लामपूरकडच्या ढाब्यांवरचा अख्खा मसूर घ्या. शेंगदाण्याची आमटी घ्या, जी उपवासाच्या दिवशी प्रवासात कुठेच मिळत नाही. आणि अळूचे फदफदे! पालकाचे जे वैगुण्य ठरते ते अळूत नाहीच: रंग शेवाळीच असतो, पाने विरघळलेलीच हवी असतात, डाळ-दाणे टिकतात, चिंच मुरलेली चांगलीच लागते.

सगळेच जमेल असे नाही. मोड आलेल्या मटकीचा लगदा होतो, तिला पाउचमध्ये जवळजवळ कच्चीच भरावी लागेल आणि मोड आखूड ठेवावे लागतील. ओल्या नारळाचे दूध उष्णतेत फुटते, त्याला स्थिर ठेवायला मदत लागते. भरली वांगी आम्ही सोडून देऊ. पिठल्याच्या वाटेला तर जाऊच नये: बेसन घट्ट झाले की उष्णता आत अतिशय सावकाश शिरते, मध्यभाग निर्जंतुक होईपर्यंत कडा करपट होतात, आणि मुळात पिठले घरी दहा मिनिटांत होते. त्याचे कोरडे मिश्रण विकावे.

शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे आणि तो लहान उद्योजकांसाठी आहे. केंद्र सरकारने २०२०मध्ये सुरू केलेल्या पीएमएफएमई योजनेत सूक्ष्म उद्योगांना प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवले. अनेक बचत गट आणि घरगुती व्यावसायिक त्यातून पुढे येत आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण उसळ व्हॅक्यूम पॅक करून, उकळत्या पाण्यात तासभर ठेवून ‘सहा महिने टिकते’ म्हणून विकणे हा जिवाशी खेळ आहे. पीएच ४.६च्या वर असलेल्या पदार्थात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू १०० अंशांना मरत नाहीत, आणि हवा काढलेले पाकीट तर त्यांना हवेच असते. वास येत नाही, पाकीट फुगेलच असेही नाही. पाउचच्या सर्वांत थंड बिंदूला किमान तीन मिनिटांचे एफ-नॉट मूल्य, म्हणजे १२१ अंशांवरच्या तीन मिनिटांइतकी उष्णता, मिळायलाच हवे, आणि ते मिळाले हे थर्मोकपल लावूनच सिद्ध होते. मोठा कुकर तेवढ्या तापमानाला पोहोचतो म्हणून पाउचचा मध्यही पोहोचला असे होत नाही. शिवाय थंड करताना बाहेरून प्रतिदाब नसेल तर शिवण सुटते. मोठ्या कारखान्यांनाही एक आठवण: रस्सा थोडा दाट करा असे विक्री विभागाने सुचवले आणि तुम्ही स्टार्च वाढवला, तर जुने वेळापत्रक रद्द समजा. दाट रश्श्यात उष्णता वेगळ्या गतीने फिरते, चाचणी नव्याने करा. ज्यांना रिटॉर्ट परवडत नाही त्यांनी शीतगृहातली, चार दिवस टिकणारी उसळ विकावी. तीही चांगली विकली जाते.

वाचकांकडे दोन गोष्टी मागतो. पुढचा नमुना पक्का करण्याआधी तुमच्या चमूतल्या प्रत्येकाने तो घरी न्यावा, पोळी-भाताबरोबर पूर्ण पाउच जेवावा आणि जेवण संपल्यावर, आधी नाही, टिपण लिहावे: मीठ, तेल, शेवटचा घास, आणि उरले किती. दुसरे, काळा वाटाणा, वाल आणि अळू यांवर ज्यांनी उष्णता-प्रवेशाच्या चाचण्या केल्या आहेत त्यांनी पाउचची जाडी, भरण्याचे वजन आणि रश्श्याचे प्रमाण यांसह आकडे आम्हाला पाठवावेत. ते आम्ही कोष्टकासह छापू.