जादूची धून आणि ध्वनीचा धडा



गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी ध्वनीचा धडा शिकवून संपविला. कंप्रता म्हणजे काय, तरंगलांबी म्हणजे काय, दोहोंचा गुणाकार केला की ध्वनीचा वेग कसा मिळतो, हे सारे मुलांना पाठ झाले होते. मग मी कपाटातून दोन नादकाटे काढले. एक सेकंदाला २५६ कंपनांचा आणि दुसरा ५१२ कंपनांचा. मुलांना डोळे मिटायला सांगितले. पहिला जरा जोरात वाजविला, दुसरा हळू, आणि विचारले, "यांतला उंच स्वराचा कोणता?"

कितीतरी मुलांनी पहिला सांगितला! मोठा आवाज तोच उंच स्वर, असे त्यांनी धरले होते. ज्या मुलीने कंप्रतेची सगळी उदाहरणे बिनचूक सोडविली होती, तीही त्यांत होती. चूक मुलांची नव्हती, माझी होती. मी ध्वनीचा धडा खडू-फळ्याने शिकविला होता आणि नादकाटे तोवर कपाटात पडून होते.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत याच मुलांपैकी तिघेचौघे हॅरी पॉटरच्या चित्रपटातली ती प्रसिद्ध धून गुणगुणत होते. एकही स्वर इकडचा तिकडे होत नव्हता. म्हणजे कान तयार होते. त्यांना कामाला लावायचे मीच विसरलो होतो. तेव्हापासून माझे मत बनले आहे की, ध्वनीचा धडा ऐकण्यापासून सुरू व्हावा, आणि त्यासाठी तुम्हांला आवडणारी एखादी धून खुशाल वर्गात आणावी. हीच धून घेतली तर काय काय शिकता येईल, ते पाहू या.

हॅरी पॉटर मालिकेत एकूण आठ चित्रपट आहेत. पहिला २००१ साली आला, शेवटचा २०११ साली. पहिल्या चित्रपटाचे संगीत जॉन विल्यम्स या अमेरिकन संगीतकाराने दिले. १९७५ चा 'जॉज' आणि १९७७ चा 'स्टार वॉर्स' यांचे संगीतही त्यांचेच. हॅरीच्या पांढऱ्या घुबडाचे नाव हेडविग, म्हणून ही धून 'हेडविगची धून' या नावाने ओळखली जाते. ती सुरू होते ती किणकिणत्या, काचेसारख्या नितळ नादाने. हा नाद सेलेस्टा नावाच्या वाद्याचा.

आता गंमत पाहा. पॅरिसमध्ये मुस्तेल नावाचे वाद्य बनविणारे घराणे होते. त्यांतल्या व्हिक्टर मुस्तेल यांनी १८६० च्या सुमारास एक वाद्य तयार केले. त्यात पट्टी दाबली की छोटी हातोडी नादकाट्यावर आपटे. होय, तोच आपल्या प्रयोगशाळेतला नादकाटा! पुढे त्यांचे चिरंजीव ऑग्युस्त यांनी नादकाट्यांच्या जागी पोलादी पट्ट्या बसविल्या आणि १८८६ साली सेलेस्टा जन्माला आला. १८९१ साली रशियन संगीतकार चायकोव्हस्की यांनी तो पॅरिसमध्ये ऐकला. ते इतके भारावून गेले की, त्यांनी आपल्या प्रकाशकाला तो गुपचूप मागवायला सांगितले. इतर रशियन संगीतकारांना सुगावा लागू नये म्हणून! १८९२ च्या 'नटक्रॅकर' या नृत्यनाट्यात त्यांनी परीच्या नृत्यासाठी हे वाद्य वापरले. सेलेस्टा वाजला की परी किंवा जादू आठवावी, ही सवय ऐकणाऱ्यांना तेव्हापासून लागत गेली.

पण हा नाद सतारीच्या किंवा व्हायोलिनच्या नादाहून इतका वेगळा का? ताणलेली तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे स्वरही बारीक आवाजात उमटतात. पोलादी पट्टीचे तसे नाही. तिच्या मूळ स्वराबरोबर येणारे वरचे स्वर सुमारे २.७६ पट, ५.४० पट अशा आडनिड्या कंप्रतांचे असतात. घंटेच्या टणत्कारात जो धातूचा भास होतो, तो अशाच आडनिड्या स्वरांमुळे. सेलेस्टात मात्र हातोडीला मऊ नमदा लावलेला असतो, त्यामुळे वरचे स्वर मंद उमटतात. शिवाय प्रत्येक पट्टीखाली लाकडी पेटी असते. तिच्यातली हवा मूळ स्वराशी अनुस्पंदन पावते आणि तोच स्वर भरदार होतो. टणत्कार वजा जाता उरते ती किणकिण. संगीताच्या पुस्तकात जिला 'नादाची जाती' म्हणतात, ती ही.

दुसरी गोष्ट स्वरांची. या धुनेचा आधारस्वर 'सा' धरून ती पेटीवर वाजवून पाहा. सुरुवातीला शुद्ध रिषभ येतो आणि कानाला तो ओळखीचा होतो. पहिली ओळ संपता संपता मात्र कोमल रिषभ अवचित पुढे येतो. या दोन रिषभांच्या कंप्रतांत फरक केवढा? अवघा सहा टक्क्यांच्या आसपास! पण तेवढ्याने पायाखालची पायरी हलल्यासारखे वाटते. आपल्या ललित रागात दोन मध्यम एकमेकांजवळ येतात, तेव्हाही मन असेच थबकते. जादूच्या दुनियेतले नवल विल्यम्स यांनी या सहा टक्क्यांत बसविले आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विल्यम्स यांनी फक्त पहिल्या तीन चित्रपटांना संगीत दिले. २००५ च्या चौथ्या चित्रपटाला पॅट्रिक डॉइल आले, २००७ आणि २००९ साली निकोलस हूपर, आणि २०१० व २०११ च्या शेवटच्या दोन चित्रपटांना अलेक्झांद्र देप्ला. प्रत्येकाची शैली निराळी. पुढच्या चित्रपटांत हेडविगची धून पूर्वीपेक्षा कमी वेळा येते. कधी वेगळ्या वाद्यांवर, कधी संथ, कधी उदास. तरी दोनचार स्वर कानी पडताच आपण ती ओळखतो. का बरे? धून म्हणजे ठराविक कंप्रतांची यादी नव्हे, तर कंप्रतांची आपसांतली गुणोत्तरे होत. सगळ्या कंप्रता दीडपट करा, वाद्य बदला, लय संथ करा. गुणोत्तरे तीच राहिली तर धून तीच राहते. तुमची आई, आजोबा आणि धाकटी बहीण एकच गाणे आपापल्या पट्टीत म्हणतात, ते याच आधारावर. गुणोत्तराचे गणित तुम्हांला सातवीत अवघड वाटले असेल. तुमचा कान मात्र ते पाळण्यातल्या अंगाईपासून करीत आला आहे.

माझे हे म्हणणे काही शिक्षकमित्रांना पटत नाही. ते म्हणतात, "वर्गात सिनेमाची गाणी आणली तर पोर्शन कधी पुरा करायचा?" वेळेची ओढाताण खरीच आहे. पण माझ्या वर्गाने पोर्शन पुरा केलाच होता. आणि तरी उंच स्वर कोणता आणि मोठा आवाज कोणता, हे त्याला कळले नव्हते. दहा मिनिटांच्या ऐकण्याने ही उणीव भरून निघाली असती. दुसरा आक्षेप तुमच्यापैकीच एकाने घेतला. "सर, असे सुटे सुटे करून पाहिले तर मजा जाईल ना?" मी त्याला उत्तर दिले नाही, ती धून पुन्हा ऐकायला लावली आणि कोमल रिषभ आला की हात वर कर म्हटले. त्याने ती चार वेळा मागून घेतली.

आता तुम्हीही एक प्रयोग करा. नळकाम करणाऱ्याकडून बोटाएवढ्या जाडीच्या लोखंडी नळीचे दोन तुकडे कापून आणा. एक ४० सेंटिमीटरचा, दुसरा २० चा. मोठ्या तुकड्याला दोन्ही टोकांपासून ९ सेंटिमीटरवर दोरी बांधून तो आडवा टांगा आणि मधोमध लाकडी दांड्याने ठोका. नाद बराच वेळ टिकेल. नळी वाजत असताना दोरीच्या जागी हलकेच बोट लावा, मग मधोमध लावा. एका जागी नाद चालू राहील, दुसऱ्या जागी चटकन थांबेल. असे का, याचा विचार करा. नंतर दांड्याला फडके गुंडाळून ठोका आणि नादाची जाती कशी बदलते ते ऐका. शेवटी लहान तुकडा दोन्ही टोकांपासून साडेचार सेंटिमीटरवर बांधून वाजवा. तारेची लांबी निम्मी केली तर स्वर एक सप्तक वर जातो. नळी निम्मी केल्यावर किती सप्तके वर गेला, ते पेटीवर ताडून पाहा.

उत्तर मी मुद्दामच सांगत नाही. ते आधी कानांनी काढा, मग वहीत लिहा, आणि ध्वनीचा धडा सुरू होईल त्या दिवशी हे दोन्ही तुकडे घेऊन वर्गात जा.